फ्लॅट आपला, पण वर्षं किती उरली?

घर आणि कागद : वाचकांचे प्रश्न
डिसेंबर २०२५

प्रश्न : ताई, नमस्कार. लंडनच्या हाउन्स्लोमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. २०१३ साली घेतला. तेव्हा सॉलिसिटरने ‘९९ वर्षांचं लीज आहे’ एवढं सांगितल्याचं आठवतं. त्यातली १२ गेली, म्हणजे ८७ उरली, असं आम्ही धरून चाललो होतो. गेल्या आठवड्यात फ्रीहोल्डरच्या, म्हणजे इमारत आणि जमिनीच्या मूळ मालकाच्या, एजंटचं पत्र आलं. त्यात लिहिलंय की तुमची ८१ वर्षं उरली आहेत, ८,५०० पौंड भरलेत तर लीज १२५ वर्षांचं करून देऊ. ग्राउंड रेंट, म्हणजे जमिनीचं भाडं, सध्या वर्षाला २५० पौंड आहे, तो २१०७ पर्यंत तसाच राहील. २८ दिवसांत उत्तर हवं म्हणतात. नवरा महिन्यातले तीन आठवडे अबर्डीनला कामाला असतो. तिथले सहकारी म्हणाले, आमच्याकडे असलं काही नसतं, तुम्हाला कुणीतरी फसवतंय. इथली मैत्रीण म्हणते, नवा कायदा झालाय, सगळ्यांना ९९० वर्षं मिळणार आहेत, एक पेनीही देऊ नकोस. आणि डोंबिवलीहून आई फोनवर विचारते, ‘अगं, घर विकत घेतलंय ना तुम्ही? मग वर्षं कसली मोजताय?’ शेजारचा अगदी असाच फ्लॅट यंदा साडेतीन लाख पौंडांना गेला. आमच्याकडे १५ हजार पौंड बाजूला आहेत, पण ते लेकीच्या कॉलेजसाठी. पैसे भरू की थांबू? लीजच्या पहिल्या दोन पानांचे फोटो सोबत पाठवते आहे.
— एक वाचक, हाउन्स्लो

उत्तर : सुरुवात तुमच्या आईच्या प्रश्नापासून करते, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा घोटाळा तिथेच होतो. महाराष्ट्रात आपण ‘ओनरशिपचा फ्लॅट’ म्हणतो. १९६३ च्या कायद्याच्या नावातच ‘ओनरशिप’ आहे. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कपाटात असतं आणि मग आयुष्यात कुणी वर्षं मोजत नाही. इंग्लंडमध्ये फ्लॅट ‘विकत घेतला’ म्हणजे ठरावीक वर्षांसाठी तिथे राहण्याचा आणि तो विकण्याचा हक्क घेतला. भिंती आणि खालची जमीन फ्रीहोल्डरची. मुदत संपली आणि तोवर काहीच केलं नाही, तर फ्लॅट त्याच्याकडे परत जातो. जुन्या गिरगाव-दादरची पागडीची खोली आणि ओनरशिपचा फ्लॅट यांच्या मधलं काहीतरी, असं मी माझ्या आईला सांगितलं होतं. ते तिला लगेच कळलं. तुमच्या आईलाही कळेल.

अबर्डीनचे सहकारी खोटं बोलत नाहीत. स्कॉटलंडमध्ये फ्लॅट मालकीहक्काने विकतात, तिथे हा प्रकार नाही. पण तुमचं घर हाउन्स्लोला आहे, त्यामुळे तुम्हाला इंग्लंड-वेल्सचा कायदा लागू होतो आणि पत्रातली ८१ वर्षं खरी आहेत.

ती कशी खरी, ते तुम्ही पाठवलेल्या पहिल्या पानावरच आहे. लीजची मुदत ‘२४ जून २००८ पासून ९९ वर्षं’. तुम्ही फ्लॅट २०१३ साली घेतलात याच्याशी तिचा काही संबंध नाही. बिल्डरने पहिल्या मालकाला लीज दिलं तेव्हा घड्याळ सुरू झालं, आणि मालक बदलले तरी ते थांबत नाही. तुम्ही घेतलंत तेव्हाच पाच वर्षं सरलेली होती. म्हणून ८७ नाही, ८१ वर्षं आणि वर सहा महिने.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. १९९९ साली आम्ही वेम्ब्लीला फ्लॅट घेतला. लीज ९९ वर्षांचं, मार्च १९८५ पासून. मी तेव्हा एका गोदामाच्या हिशेबखात्यात होते, रोज आकड्यांतच असायचे, पण स्वतःच्या लीजचं पान उघडून पाहिलं नव्हतं. २००६ साली विकायला काढला तेव्हा घेणाऱ्याच्या सॉलिसिटरने विचारलं, ‘७८ वर्षं राहिली आहेत, वाढवून देताय का?’ आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तो ग्राहक गेला. लीज वाढवायला फ्रीहोल्डरला आठ हजार पौंडांच्या वर रक्कम, म्हणजे प्रीमियम, भरला, वकिलांचा खर्च वेगळा. त्यातले तीन हजारांहून जास्त केवळ दोनेक वर्षांच्या उशिराचे होते, हे सर्व्हेअरने, म्हणजे घराची किंमत काढणाऱ्या तज्ज्ञाने, कागदावर मांडून दाखवलं. ते तीन हजार मी भारतात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आणि घराच्या गळक्या छपरासाठी ठेवले होते. दोन्ही कामं पुढच्या वर्षावर गेली. त्यानंतर मी एका सॉलिसिटरच्या कचेरीत घरांच्या कागदांचं काम धरलं ते निवृत्तीपर्यंत. त्या काळात असे चेहरे मी शेकड्यांनी पाहिले. तुमचा हिशेब वेळेत सुधारला, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता तो दोनेक वर्षांचा उशीर इतका महाग का पडला, ते. फ्रीहोल्डरला द्यायच्या रकमेत दोन गोष्टी नेहमीच असतात. एक, त्याचा बुडणारा ग्राउंड रेंट. दुसरी, फ्लॅट त्याला ८१ वर्षांनी परत मिळणार होता, तो आता आणखी ९० वर्षं उशिरा मिळेल, त्याची भरपाई. पण लीज वाढवून मागायची नोटीस देताना लीज ८० वर्षांहून जास्त उरलेलं नसेल, तर तिसरी गोष्ट येते. तिला इथे मॅरेज व्हॅल्यू म्हणतात. तुमचं आखूड लीज आणि फ्रीहोल्डरचा भविष्यातला हक्क हे दोन तुकडे वेगवेगळे असताना त्यांची जी किंमत होते, त्यापेक्षा लांब लीजच्या फ्लॅटची किंमत जास्त असते. लीज वाढवल्याने ही जी जादा किंमत तयार होते, तिचा अर्धा वाटा फ्रीहोल्डरला द्यावा लागतो. ८० वर्षांची ही रेषा आणि अर्धा वाटा २००२ च्या कायद्याने पक्का केला.

तुमच्याच आकड्यांवर मांडून बघू. किंमत साडेतीन लाख. भविष्यात मिळणाऱ्या फ्लॅटची आजची किंमत काढायला फ्लॅटसाठी ५ टक्के दर धरतात. २००६ च्या एका निवाड्यापासून तो रूढ आहे. ८१ वर्षांनी मिळणारे साडेतीन लाख या दराने आज साधारण ६,७०० पौंड होतात. २५० पौंडांचा ग्राउंड रेंट ७ टक्क्यांनी धरला तर ३,५५० च्या आसपास. एकूण १०,३०० पौंडांच्या आत-बाहेर.

हेच ७९ वर्षं उरल्यावर केलं तर? पहिल्या दोन गोष्टी मिळून सुमारे ११,०००. म्हणजे फार फरक नाही. पण आता तिसरी आली. ७९ वर्षांच्या लीजचा फ्लॅट पूर्ण किमतीच्या ९४ टक्के धरला, म्हणजे ३,२९,०००. साडेतीन लाखांतून ते आणि फ्रीहोल्डरचे ११,००० वजा केले की १०,००० उरतात. त्याचे अर्धे ५,०००. एकूण १६,०००. हा ९४ चा आकडाच सर्व्हेअर लोकांत सगळ्यात भांडणाचा असतो आणि फ्रीहोल्डरचा सर्व्हेअर तो आणखी खाली ओढायला बघतो, त्यामुळे १६ हजारांवर भागेलच असं नाही. लेकीच्या १५ हजारांशी हे ताडून बघा.

तुमची ८० ची रेषा येते २४ जून २०२७ ला. ही तारीख फ्रिजवर लावा.

मैत्रिणीचं म्हणणं आता घेऊ. तिने ऐकलं ते अर्धं बरोबर आहे. २४ मे २०२४ ला लीजहोल्ड अँड फ्रीहोल्ड रिफॉर्म अ‍ॅक्ट मंजूर झाला. त्यात ९९० वर्षं आहेत, मॅरेज व्हॅल्यू रद्द आहे, फ्रीहोल्डरच्या वकिलाचा खर्चही सहसा तुमच्या माथी नाही. पण कायदा मंजूर होणं वेगळं आणि त्यातली कलमं लागू होणं वेगळं. काही फ्रीहोल्डर त्याविरुद्ध हायकोर्टात गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोर्टाने त्यांचं म्हणणं फेटाळलं. तरी मोबदला मोजण्याच्या नव्या पद्धतीची कलमं हे लिहीत असताना लागू झालेली नाहीत, आणि हिशेबाचे नवे दर सरकार ठरवणार आहे. शिवाय ‘एक पेनीही नको’ असं त्या कायद्यातसुद्धा कुठे नाही. प्रीमियम राहणारच आहे.

तुमच्यापुरती खरी गोष्ट वेगळीच आहे. नव्या कायद्याचा मोठा फायदा मॅरेज व्हॅल्यू जाण्याचा. पण तुम्ही ८० च्या वर आहात, म्हणजे तो फायदा तुम्हाला आजच्या कायद्यातही मिळतोय. थांबून मिळणार काय? १७१ ऐवजी हजारावर वर्षं, आणि खर्चात थोडी बचत. जोखीम मात्र पाच-सहा हजारांची. मी तुमच्या जागी असते तर थांबले नसते.

पण एजंटच्या त्या पत्रावरही सही केली नसती. ते ८,५०० तुम्हाला १०,३०० पेक्षा कमी वाटतील, म्हणून बारकाईने वाचा. लीज वाढवण्याचा हक्क देणाऱ्या १९९३ च्या कायद्याने मागितलं तर सध्याच्या ८१ वर्षांत ९० ची भर पडते, म्हणजे १७१ वर्षं, आणि ग्राउंड रेंट शून्य. इंग्रजीत त्याला ‘पेपरकॉर्न’ म्हणतात, म्हणजे भाडं म्हणून मिरीचा एक दाणा, तोही कुणी मागत नाही. एजंट देतोय एकूण १२५ वर्षं, म्हणजे फक्त ४४ ची भर, आणि २५० पौंड दरवर्षी चालूच. कायद्याच्या आकड्यातले ३,५५० पौंड ग्राउंड रेंट कायमचा बंद करण्याचे आहेत. ते बाजूला काढा. उरतात ६,७००, आणि त्यात ९० वर्षं. एजंट ४४ वर्षांसाठी ८,५०० मागतोय. हा देकार स्वस्त नाही. शिवाय ग्राउंड रेंट चालू असलेलं लीज पुढे विकताना घेणारा आणि त्याची बँक दोघंही प्रश्न विचारतात. २८ दिवसांची मुदतही एजंटने स्वतः घातलेली आहे, कायद्यात ती नाही. ती टळली म्हणून तुमचा कुठलाही हक्क जात नाही.

मग करायचं काय? आधी सर्व्हेअर, मग सॉलिसिटर, आणि दोघंही लीज वाढवण्याचं काम नेहमी करणारे. घर घेताना जो सॉलिसिटर होता तोच चालेल असं समजू नका. या कामात तारखा चुकल्या की सगळं जातं. त्याआधी लीजहोल्ड अ‍ॅडव्हायझरी सर्व्हिसचा सल्ला घ्या. ती सरकारी पैशावर चालते आणि फुकट माहिती देते. त्यांच्या कॅल्क्युलेटरवर माझे आकडेही ताडून पाहा.

सर्व्हेअरने आकडा दिला की सॉलिसिटर कलम ४२ ची नोटीस देतो. त्यात तुम्ही किती द्यायला तयार आहात ते लिहावं लागतं. थोडा कमी आकडा लिहितात, पण तो प्रामाणिक हवा. कुणी हजार पौंड लिहा म्हटलं तर ऐकू नका, नोटीसच रद्द ठरायची भीती असते. लीज दोघांच्या नावावर असेल, तर नोटीसही दोघांची हवी. २०१४ पर्यंत लीजधारकाला स्वतःलाच सही करावी लागायची, आता सॉलिसिटर तुमच्या वतीने करू शकतो. म्हणजे नवऱ्याच्या अबर्डीनच्या फेऱ्यांमुळे काम अडणार नाही.

नोटीस दिली त्या दिवशी किंमत गोठते. पुढे वाटाघाटीला वर्ष लागलं तरी हिशेब त्याच दिवसाचा. त्यामुळे जून २०२७ ओलांडली तरी तुम्ही सुरक्षित. पैसेही एकदम लागत नाहीत. फ्रीहोल्डर अनामत मागू शकतो, नोटिशीतल्या रकमेच्या १० टक्के किंवा २५० पौंड, जे जास्त असेल ते. बाकीचं शेवटी. फ्रीहोल्डरच्या वकिलाचा आणि सर्व्हेअरचा वाजवी खर्च मात्र सध्या तुमच्याकडेच आहे. तो आणि तुमच्या बाजूचा खर्च मिळून काही हजार पौंड धरून ठेवा. सगळं १५ हजारांत बसावं असं मला वाटतं, पण नोटीस देण्याआधी दोन्ही माणसांकडून खर्चाचा आकडा लेखी घ्या.

फ्रीहोल्डरला उत्तराला किमान दोन महिने द्यावे लागतात. तो प्रति-नोटीस देईल आणि आपला मोठा आकडा सांगेल. घाबरू नका, तो बोलणीची सुरुवात म्हणून लिहिलेला असतो. बहुतेक वेळा दोन सर्व्हेअर बोलून मधे कुठेतरी येतात. पण इथे एक तारीख आहे. प्रति-नोटीस मिळाल्यापासून सहा महिन्यांत एकमत झालं नाही, तर त्या सहा महिन्यांच्या आत ट्रायब्युनलकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अर्ज गेलाच पाहिजे. नाही गेला तर तुमची नोटीस मागे घेतली असं धरतात आणि पुढचे १२ महिने नवी देता येत नाही. तुमच्या बाबतीत मोजून बघा. जानेवारी २०२६ ला नोटीस, मार्चमध्ये प्रति-नोटीस, सप्टेंबरपर्यंत ट्रायब्युनल. ती मुदत चुकली तर पुढची नोटीस सप्टेंबर २०२७ ला. तोवर २४ जून २०२७ होऊन गेलेली असेल. म्हणून ही सहा महिन्यांची तारीखही फ्रिजवर, पहिलीच्या शेजारी. सॉलिसिटरला आठवण करायला लाजू नका. माझ्या कचेरीत एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दर सोमवारी फोन करून आम्हाला हैराण केलं होतं, आणि त्यांची फाइल कधी मागे पडली नाही.

नवी कागदपत्रं तयार झाली की मॉर्गेजवाल्या बँकेला कळवावं लागेल आणि लँड रजिस्ट्रीत नोंद होईल. ते सॉलिसिटर बघेल.

प्रश्न : आमच्या इमारतीत सहा फ्लॅट आहेत. चौघं मिळून फ्रीहोल्डच विकत घेऊया म्हणतात. लीज वाढवणं सोडून यात पडावं का?
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : शेजारी एकमेकांशी बोलतात, पैसे वेळेवर देतात आणि कुणीतरी एक जण कागद सांभाळायला तयार आहे, असं असेल तर जरूर पडा. निम्मे फ्लॅट सामील व्हावे लागतात, तुमचे सहापैकी चार आहेत. फ्रीहोल्ड हाती आल्यावर स्वतःची लीजं तुम्ही ९९९ वर्षांची करून घेऊ शकता. पण मग छप्पर गळलं, विमा संपला, जिन्याचा दिवा गेला, की तक्रार कुणाकडे करायची तर तुमच्याकडेच. चौघांपैकी एकाचंही लीज ८० च्या जवळ असेल तर त्याने चर्चेच्या नादात स्वतःची नोटीस लांबवू नये.

प्रश्न : क्रॉयडनला एक फ्लॅट आवडलाय. लीज फक्त ६७ वर्षं, म्हणून तीन लाखांचा फ्लॅट बराच स्वस्त देतायत. घेऊन मग लीज वाढवायचं, असा विचार आहे. नव्या कायद्याची वाट बघणं आम्हाला तरी फायद्याचं नाही का?
— एक वाचक, सरे

उत्तर : तुमचा प्रश्न हाउन्स्लोच्या ताईंच्या उलटा आहे. तुम्ही रेषेच्या बरेच खाली आहात, त्यामुळे मॅरेज व्हॅल्यू गेली तर तुमचे बरेच पैसे वाचतील. आजच्या कायद्याने ढोबळ हिशेब असा. पूर्ण लीजला तीन लाख, ६७ वर्षांना ८७ टक्के धरले, तर ग्राउंड रेंट सोडून प्रीमियम २५ हजार पौंडांच्या आसपास जातो. त्यातले जवळपास १४ हजार मॅरेज व्हॅल्यूचे. म्हणून तुमच्या मनात थांबायचा विचार येणं मला समजतं. पण तुम्ही थांबलात तरी लीजची वर्षं कमी होतच राहतात. मधेच नोकरी गेली, बाळ झालं, घर विकायची वेळ आली, तर इतक्या कमी वर्षांवर मॉर्गेज द्यायला अनेक बँका तयार नसतात, आणि मग ग्राहक फक्त रोख पैसेवाला. म्हणून तुमच्या बँकेला आजच विचारा, ६७ वर्षांवर कर्ज देता का. तिने नाही म्हटलं तर पुढचं सगळं सोडून द्या.

बँक तयार असेल, तर सौदा करताना किमतीतली सूट २५ हजार अधिक दोन्हीकडचा खर्च यांपेक्षा जास्त हवी. एजंट ‘स्वस्त’ म्हणतो, पण मी पाहिलेल्या किती तरी सौद्यांत ती सूट प्रीमियमपेक्षा कमी होती.

पूर्वी घर घेतल्यावर लीज वाढवायला दोन वर्षं थांबावं लागायचं. ३१ जानेवारी २०२५ पासून ती अट गेली. तरी एक अडचण उरते. हक्क वापरायला लँड रजिस्ट्रीत तुमचं नाव चढलेलं असावं लागतं, आणि ती नोंद व्हायला कधी कधी महिने लागतात. त्यासाठी जुनी युक्ती अजून उपयोगी आहे. विक्री पूर्ण होण्याआधी विकणाऱ्यानेच नोटीस द्यायची आणि तिचा हक्क विक्रीच्याच दिवशी तुमच्या नावे करून द्यायचा. करारातच हे लिहून घ्या. विकणारा नाही म्हणाला, तर का नाही म्हणतोय हे सॉलिसिटरला विचारायला लावा. कधी फ्रीहोल्डरचा पत्ताच लागत नसतो. तो हरवलेला असला तरी कोर्टातून लीज वाढवून मिळतं, फक्त वेळ आणि खर्च जास्त, आणि ते तुम्हाला सही करण्याआधी कळायला हवं.